तुल्लिओ काम्पान्योलो: घाटात अडकलेला रेसर की हार्डवेअरच्या दुकानातला मुलगा?

चढणकर (धागालेखक)

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक गोष्ट अधूनमधून फिरत येते. नोव्हेंबर १९२७, उत्तर इटलीतला क्रोचे दाउने घाट, बर्फ पडतंय. विचेन्झाचा तुल्लिओ काम्पान्योलो नावाचा रेसर शर्यतीत पुढे आहे. चढासाठी मागचं चाक काढून उलटं लावायचंय, पण बोटं बधिर झालीत आणि नट गोठलाय. मागचे एकेक करून पुढे निघून जातात. तुल्लिओ पुटपुटतो, "मागं काहीतरी बदललं पाहिजे," आणि घरी जाऊन क्विक रिलीजचा (पान्याशिवाय, एका लिव्हरने चाक सोडायच्या सोयीचा) शोध लावतो. खाली हात जोडलेली इमोजी आणि "संकटातच संधी असते".

गोष्ट झकास आहे, पण ती अर्धीच सांगतात.

आधी ते चाक उलटं लावण्याचं प्रकरण, कारण आजच्या बावीस-चोवीस गिअरवाल्यांना त्याचा पत्ता नसतो. त्या काळी शर्यतीच्या सायकलीला पळत्या गाडीवर गिअर बदलायची सोय जवळजवळ नसेच. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन्ही बाजूंना दातेरी चक्र असे. एकीकडे सपाटीसाठी कमी दात्यांचं, दुसरीकडे चढासाठी जास्त दात्यांचं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, दोन्ही बाजूंचे कानवाले विंगनट सोडायचे, चाक काढून फिरवून लावायचं, चेन ताणायची, चाक मधोमध बसलंय ना ते बघायचं, नट आवळायचे. माथ्यावर पुन्हा तीच पूजा. नेमकं कुठे उतरायचं यावर शर्यती जिंकल्या-हरल्या जात. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना डिरेल्यूर (चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारं यंत्र) म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचं खेळणं वाटायचं. टूरमध्ये त्याला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं.

आता गाळलेली अर्धी गोष्ट. तुल्लिओ जन्मला १९०१ साली आणि त्याच्या वडिलांचं विचेन्झात हार्डवेअरचं दुकान होतं. पोरगा दुकानामागच्या खोलीत लोखंडाशी खेळत वाढला. १९२२ ते १९३० तो शर्यतींत उतरत होता, पण बिंदा-जिरार्देंगोसारख्या अव्वल इटालियन रेसरांच्या जमान्यात त्याचं नाव पहिल्या फळीत घेत नाहीत. १९३० मध्ये क्विक रिलीजचं पेटंट घेतलं असं सांगतात आणि १९३३ मध्ये कंपनी, तीही त्याच मागच्या खोलीत.

क्विक रिलीज उघडून बघितलंय का कधी? पोकळ एक्सल (चाकाचा आस), त्यातून आरपार जाणारी बारीक सळई. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरच्या मुळाशी जो गोल भाग आहे, म्हणजे कॅम, तो मुद्दाम केंद्रापासून जरा सरकवून फिरवलेला असतो. त्यामुळे लिव्हर अर्धा फेरा फिरला की सळई जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर खेचली जाते आणि फ्रेमचे दोन्ही कान हबवर घट्ट दाबले जातात. बंद होताना तो कॅम सर्वांत उंच बिंदूच्या किंचित पुढे जाऊन बसतो, म्हणून हादऱ्यांनी आपोआप उघडत नाही.

यात रेसरची अक्कल कुठे दिसते? लिव्हर तळहाताने ढकलता येतो. बोटांनी चिमटीत धरून पिळायची गरजच काढून टाकली. हे त्यालाच सुचणार ज्याची बोटं थंडीत निकामी झाली आहेत. पण एक्सल पोकळ करायचा आणि तरी वाकू द्यायचा नाही, कॅम नेमका किती सरकवायचा, सळईचं पोलाद कुठलं, ही उत्तरं घाटात मिळत नाहीत. घाटात हरलेले रेसर शेकड्यांनी होते. त्यातल्या एकाच्याच घरी लोखंडकाम होतं.

म्हणून माझं म्हणणं, काम्पान्योलोला मोठं केलं ते त्या एका दुपारने नाही, पुढच्या वीस वर्षांच्या चिवट आणि कधीकधी विचित्र कामाने. विचित्र का, तर त्याचा 'काम्बिओ कोर्सा' बघा. चाळीसच्या दशकातला गिअर. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाच्या फ्रेमच्या नळीवर दोन लांब दांड्या, त्यांची टोकं सीटच्या खाली. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा. एका दांडीने मागचं क्विक रिलीज सोडायचं (हो, चालत्या सायकलवर!), दुसरीने चेन ढकलायची, आणि ती ढकलताना पायडल उलटं मारायचं. चेनचा ताण सांभाळायला कप्पी वगैरे काही नाही. चाकच फ्रेमच्या दातेरी खाचेत पुढे-मागे सरकून चेन ताणणार. मग पुन्हा लिव्हर बंद. याच यंत्रावर जीनो बार्तालीने १९४८ ची टूर मारली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

रेसर म्हणून नाव केलेले आणि नंतर सायकली घडवायला बसलेले अजून कोण कोण? मर्क्स, कोलनागो, बोर्डमन ही नावं डोक्यात आहेत. लिहा.

---

अर्धाकप

वाचनखूण साठवली. काम्बिओ कोर्साचं वर्णन वाचून पाठ दुखायला लागली. चालत्या सायकलवर मागचं चाक सोडायचं म्हणजे?? चाक निघून नाही यायचं?

---

लेथवाला

@अर्धाकप, नाही येत. माणसाचं वजन वरून फ्रेमला चाकावर दाबून धरतं, आणि खाचेतले दाते एक्सलवरच्या दात्यांशी गुंतलेले असतात, त्यामुळे चाक दोन्ही बाजूंना सारखंच सरकतं, तिरकं होत नाही. कल्पना धाडसी आहे, पण येड्यासारखी नाही. कप्पी नसल्यामुळे घर्षणही कमी, आणि धूळ-चिखल अडकायला जागा कमी. त्या वेळचे इटालियन रस्ते आठवा.

आता धाग्याबद्दल. जन्म टूलरूममध्ये गेला, म्हणून 'हार्डवेअरचं दुकान' या मुद्द्याला माझं जोरदार अनुमोदन. तुम्ही ज्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटर म्हणताय तिथेच सगळी गंमत आहे. कॅमचा सरकाव कमी ठेवला तर पकड येत नाही. जास्त ठेवला तर लिव्हर बंद करायला जोर इतका लागतो की हात सोलवटतो. शिवाय घासणारे दोन पृष्ठभाग गुळगुळीत हवेत, नाहीतर तुमचा सगळा जोर घर्षणातच जिरतो आणि सळईवर ताण पोचतच नाही. जुन्या काम्पान्योलोमध्ये कॅम पोलादी घरात बंद असतो, तेल टिकतं, घाण शिरत नाही. आजच्या स्वस्त क्विक रिलीजमध्ये कॅम उघडा आणि खाली प्लॅस्टिकची वाटी. दोन्ही हाताळून बघा, बंद होतानाचा फरक हाताला कळतो. उघडा कॅम शेवटपर्यंत कुरकुरत जातो, बंद कॅम एका जागी ठाम बसतो.

बाकी घाटाच्या गोष्टीवर शंका घेतल्या गेल्या आहेत. सालाबद्दलच एकमत नाही, कोणी १९२४ सांगतात, कोणी १९२७. कंपनीने मात्र ती छान जपली. क्रोचे दाउनेवर स्मारकही आहे.

---

नऊवार

गोष्ट खोटी असली तरी काय बिघडलं? न्यूटनचं सफरचंद आपण सोडलं का?

---

चढणकर

@नऊवार, गोष्ट राहू द्या की, माझा आक्षेप तिच्या खालच्या इमोजीला आहे. पोरं वाचतात आणि त्यांना वाटतं की एक दिवस आपण चिडलो की झालं. पेटंट ते कंपनी तीन वर्षं, कंपनी ते बार्ताली पंधरा वर्षं. मधल्या काळाची पोस्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

@लेथवाला, बंद आणि उघड्या कॅमबद्दल लिहिलंत ते सोनं आहे.

---

टॉपट्यूब

धागा चांगला आहे, पण आरती जरा जास्त होतेय. काम्पान्योलोची खरी कीर्ती झाली ती 'ग्रां स्पोर्ट' डिरेल्यूरमुळे, १९५० च्या आसपास. चौकोनाच्या चार बाजू सांध्यांवर हलतात आणि कप्प्यांचा पिंजरा चेनला समांतर ठेवून आडवा सरकवतात, आजही प्रत्येक डिरेल्यूर याच तत्त्वावर चालतो. पण ही रचना तुल्लिओची मूळ कल्पना नाही. फ्रान्समध्ये नीवेक्सचा असा डिरेल्यूर तिशीच्या दशकातच होता, आणि तो लांबच्या पर्यटनाला निघणारे हौशी लोक वापरत. रेसरांना त्याची गंधवार्ता नव्हती, कारण पर्यटनवाल्यांच्या सायकलीकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

पुढचंही ऐका. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने तोच चौकोन तिरका बसवला, म्हणजे कप्पी लहान-मोठ्या चक्रांपासून सारख्या अंतरावर राहते आणि गिअर पटकन पडतो. काम्पान्योलोने वर्षानुवर्षं तिकडे लक्ष दिलं नाही, पेटंटही आडवं होतंच. १९८४ मध्ये जपानच्याच शिमानोने ड्युरा-एस या शर्यतीच्या संचात टिक-टिक करत पडणारे ठरीव गिअर आणले, आणि इटालियन मंडळी मागे पडली. तुल्लिओ तोवर, १९८३ मध्ये, गेले होते.

म्हणजे रेसर असण्याचा तोटाही बघा. रेसर रेसरांसाठीच बनवतो. ज्यांच्या मनगटात घर्षणाचा (बिनटप्प्यांचा) लिव्हर अंदाजाने बसवायचं कसब आहे त्यांना ठरीव गिअरची गरजच वाटत नाही.

---

लेथवाला

हा मुद्दा बिनतोड. तरी एक सांगतो. नीवेक्स हुशार होता, ग्रां स्पोर्ट टिकाऊ होता. कल्पना एकाची आणि ती रोज मार खाऊन टिकेल अशी वस्तू दुसऱ्याची, हे यंत्रांच्या इतिहासात पदोपदी आहे. सत्तरच्या दशकातला काम्पान्योलोचा नुओवो रेकॉर्ड डिरेल्यूर आजही लोक वापरतात. सांध्यात दोन थेंब तेल सोडलं की तो काम करतो. फक्त काम जरा आरामात करतो.

अवांतर: यांनी फेरारी, मासेराती, लॅम्बोर्गिनीसाठी मॅग्नेशियमची चाकंही बनवली, आणि वाइनच्या बाटलीचं बूच काढायचं यंत्रसुद्धा. ते बूचयंत्र इतकं भक्कम आहे की त्यावर सायकल टांगता येईल.

---

बोरघाट

मी लहानपणी खंडाळ्याला मामाकडे असताना मुंबई-पुणे शर्यत बघायला रस्त्यावर उभा राहायचो. 'घाटाचा राजा' कोण होतो यावर मामा आणि त्यांच्या मित्रांच्या चहाच्या पैजा. तेव्हा आमच्यासारख्यांना गिअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आमच्या आळीतल्या सगळ्या सायकली एका दात्याच्या आणि बावीस किलोच्या घरातल्या. चाक काढायचं तर पान्याने दोन्ही नट सोडायचे, मडगार्डचे आणि कॅरिअरचे पाय बाजूला करायचे, चेन उतरवायची, आणि मग बसवताना चाक हमखास चिमट्याला घासायचं.

क्विक रिलीज पहिल्यांदा बघितलं तेव्हा पहिला प्रश्न पडला, चोर चाक नेणार नाही का? तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

---

रविवारची_राइड

@बोरघाट, :)) चोराच्या सोयीचा सर्वोत्तम शोध.

---

सीटपोस्ट

मर्क्सबद्दल लिहितो, कारण तो वेगळ्या जातीचा मासला आहे. बेल्जियमचा अव्वल रेसर एडी मर्क्स काही लेथवर वाढलेला नव्हता. १९७८ मध्ये शर्यती सोडल्या, १९८० मध्ये ब्रुसेल्सजवळ मेइस इथे कारखाना टाकला, आणि फ्रेम कशी बनवायची हे शिकवायला इटलीहून उगो दे रोझाला गाठलं. कारकिर्दीच्या शेवटच्या काही वर्षांत दे रोझाच त्याच्या शर्यतीच्या फ्रेम बनवायचा. पण एक गोष्ट मर्क्सकडे होती जी कुठल्याही कारागिराकडे नव्हती: मापाचं वेड. १९६९ मध्ये ब्लोआच्या ट्रॅकवर मोठा अपघात झाला, वाऱ्याचा आडोसा द्यायला पुढे चाललेली मोटारसायकल पडली, तिचा चालक गेला, आणि मर्क्सचं कटिहाड फिरलं. त्यानंतर त्याला सायकलवर नीट बसताच येईना. तो शर्यत चालू असताना खिशातली ॲलन की काढून सीटची उंची बदलायचा. घाटात! एक-दोन मिलिमीटरसाठी!

असा माणूस फ्रेमचे कोन ठरवायला बसला की त्याच्या पाठीचं दुखणंच फूटपट्टी होतं. मला वाटतं चढणकरांच्या सूत्रात एवढी भर घालावी लागेल: लेथ शिकलेल्या माणसाला भाड्याने आणता येतं. दुखणारी कंबर भाड्याने मिळत नाही.

कोलनागो आणखी तिसरा. तोही तरुणपणी शर्यतीत उतरायचा, पाय मोडला, आणि १९५४ मध्ये मिलानजवळ काम्बियागोत स्वतःचं दुकान टाकलं. १९७२ मध्ये मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभराचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा) विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, ती पावणेसहा किलोच्या आसपासची सायकल कोलनागोची. वजन वाचवायला चेनच्या कड्यांनाही भोकं पाडली होती.

---

वेलोड्रोमबाई

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मँचेस्टरला राहते, इथल्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या बंदिस्त ट्रॅकवर) शनिवारी मुलीला घेऊन जाते. त्यामुळे ख्रिस बोर्डमनवर बोलायचा हक्क माझा!

सीटपोस्ट यांनी दिलेला ४९.४३१ हा आकडा लक्षात ठेवा. बोर्डमन मूळचा सुतार. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने पर्स्युटचं (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकांना गाठायच्या शर्यतीचं) सुवर्ण घेतलं तेव्हा सगळे त्या काळ्या लोटस सायकलकडे बघत बसले. तिची मूळ रचना माइक बरोज यांची, कार्बनचा एकसंध साचा, पुढचं चाक एकाच पायावर धरलेलं. (फायनलला प्रतिस्पर्धी येन्स लेहमान. गोलकीपर तो दुसरा.) पुढच्या वर्षी जुलैमध्ये स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने नॉर्वेत हामारला तासाचा विक्रम केला, ५१.५९६. ती सायकल त्याने स्वतः बनवलेली, आणि तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग! सहाच दिवसांत बोर्डमनने बोर्दोला ५२.२७० केले. १९९६ मध्ये ओब्रीचीच हात पुढे ताणलेली 'सुपरमॅन' बैठक घेऊन बोर्डमन ५६.३७५ वर गेला. मग सायकलिंगच्या जागतिक संघटनेने हात वर केले आणि म्हटलं, आता मर्क्सच्या काळासारखी साधी गोल नळ्यांची सायकल घ्या. २००० मध्ये बोर्डमनने तशी घेतली आणि केले ४९.४४१. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षांनी, दहा मीटर!

पंचावन्नच्या पुढे नेणारं सामान काढून घेतल्यावर काय उरतं हे स्वतःच्या पायांनी मोजलेला माणूस मग ब्रिटिश सायकलिंगच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. त्या टोळीला 'सीक्रेट स्क्विरल क्लब' म्हणायचे. साउदॅम्प्टनच्या वाऱ्याच्या बोगद्यात हेल्मेट, कपडे, हँडल, सगळं तपासून काढलं. सायकलपेक्षा तिच्यावरचा माणूसच हवा जास्त अडवतो, हे त्यांनी मनावर घेतलं. बीजिंगला २००८ मध्ये ब्रिटनने सायकलिंगची आठ सुवर्णपदकं नेली. रोड रेसचं निकोल कुकचं सुवर्ण तर बोर्डमनच्या कंपनीच्याच सायकलवर. ती कंपनी २००७ ला निघाली, आणि सायकली विकल्या जातात हॅलफर्ड्समध्ये, जिथे लोक गाडीचे वायपर घ्यायला जातात. मला हे फार आवडतं. कोलनागो बघायला काच असते, बोर्डमन वायपरशेजारी उभी असते.

---

टॉपट्यूब

@वेलोड्रोमबाई, माहिती उत्तम. पण तुमच्याच माहितीवरून विचारतो, बोर्डमनने *डिझाइन* काय केलं? लोटस बरोजची, बैठक ओब्रीची.

---

वेलोड्रोमबाई

प्रश्न विचारले. बोगद्यात काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे ठरवलं. स्वयंपाक करणाऱ्याने शेतीही करावी असा आग्रह का?

ओब्री मात्र दोन्ही करतो हे मान्य. २०१३ मध्ये नेवाडाच्या बॅटल माउंटनला तो पोटावर झोपून चालवायची सायकल घेऊन गेला होता. बनवली कुठे, तर घरच्या किचनमध्ये, खांद्याच्या आधारासाठी जुनं पातेलं कापून.

---

अर्धाकप

पातेलं! आता घरी सायकलवर खर्च केला म्हणून कोणी बोललं तर हे उदाहरण देणार.

---

दूधकिटली

सगळे रेसरांसाठी बनवणाऱ्यांचंच लिहिताय, टॉपट्यूब यांचा टोमणा खरा ठरतोय. म्हणून टॉम रिची. कॅलिफोर्नियाचा, शाळकरी वयात मोठ्यांना शर्यतीत हरवायचा आणि त्याच वयात गॅरेजमध्ये फ्रेम ब्रेझ करायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने नळ्या जोडायचा. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी माउंटन बाइक विकायला काढल्या, त्यांच्या फ्रेम रिचीच्या.

पण मला त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. २००५ मध्ये तो रवांडात सायकल चालवायला गेला. तिथे शेतकरी कॉफीची पोती साध्या सायकलींवरून, कधी तर लाकडी गाड्यांवरून डोंगर उतरवत होते. रिचीने त्यांच्यासाठी मागचा भाग लांब केलेली मालवाहू सायकल बनवली. कॉफीची फळं तोडल्यावर लवकर धुण्याच्या केंद्रावर गेली नाहीत तर दर्जा उतरतो, म्हणजे तासांचा प्रश्न असतो.

माझे वडील पहाटे सायकलवर चार किटल्या लावून दूध घालायचे. कॅरिअर मागे लोहाराकडून वाढवून घेतलेलं, पुढच्या चाकावर वजनच येत नसे, चढाला हँडल वर उचलायचं. मागचं चाक लांब नेलं की वजन दोन चाकांच्या मध्ये येतं आणि हा त्रास जातो, हे रिचीची सायकल बघितल्यावर समजलं. आमच्या लोहाराने कॅरिअर लांब केलं, फ्रेम लांब करायचं त्याच्या हातात नव्हतं.

---

चढणकर

@दूधकिटली, या एका प्रतिसादासाठी धागा काढला असं समजतो. वडिलांच्या त्या सायकलवर स्वतंत्र लिहा, कॅरिअरच्या मापांसकट.

---

नवशिका_सायकलस्वार

विद्वानांच्या चर्चेत एक बावळट प्रश्न. मागच्या महिन्यात क्विक रिलीजवाली सायकल घेतली. दुकानदाराने लिव्हर गोल-गोल फिरवून घट्ट करून दिला. खड्ड्यात पुढून खडखड येते. बरोबर आहे ना?

---

लेथवाला

बरोबर नाही! आज सायकल बाहेर काढू नका. लिव्हर म्हणजे विंगनट नव्हे, पिळून घट्ट करायचा नाही. लिव्हर पूर्ण उघडा, म्हणजे आतल्या बाजूला "ओपन" दिसेल. दुसऱ्या टोकाचा नट हाताने इतका फिरवा की लिव्हर अर्ध्यावर, म्हणजे सरळ बाहेर डोकावत असताना, अडायला लागेल. मग तळहाताने पूर्ण दाबा. तळव्यावर लिव्हरचा ठसा उमटला पाहिजे. सहज बंद झाला तर नट अजून थोडा फिरवा.

पुढच्या चिमट्याच्या टोकांना बारीक उंचवटे असतील, ते घासून काढायच्या फंदात पडू नका. लिव्हर सैल राहिला तरी चाक निसटू नये म्हणून ते दिलेत. अमेरिकेत चाकं निसटून खटले झाले, तेव्हापासून आले, आणि तिकडे त्यांना वकिलांचंच नाव पडलंय.

---

नवशिका_सायकलस्वार

केलं. ठसा उमटला. पण सायकलला डिस्क ब्रेक आहे, लिव्हर चकतीच्या बाजूला आलाय. चालेल?

---

टॉपट्यूब

दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे पुढच्या चाकाचा लिव्हर उजवीकडे. चकती तापते, लिव्हर हाताळताना बोट लागलं की फोड येतो. मागचा मात्र डावीकडेच ठेवतात, उजवीकडे डिरेल्यूर असतो. आणि डिस्क ब्रेक जोरात दाबला की चाकाला खाली, खाचेतून बाहेर ढकलणारा जोर येतो, म्हणून दर राइडच्या आधी लिव्हर एकदा तपासाच. नव्या डिस्कवाल्या सायकलींवर आता जाड आरपार एक्सल येतो, भोकातच स्क्रूसारखा बसतो. पुढची घ्याल तेव्हा तशी बघा.